फोडलेली पिशवी परत घेत नाही



मागच्या आठवड्यात सोयाबीनच्या उगवणचाचणीवर लिहिलं होतं. गोणपाट ओलं करायचं, दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि सहा-सात दिवसांनी मोजायचं. हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, तरी दरवर्षी लिहितो, कारण दरवर्षी कुणीतरी नवीन असतो. त्यावर तिघांनी वेगवेगळ्या तालुक्यांतून फोन करून एकच गोष्ट विचारली. चाचणीत दाणे कमी उगवले, पिशवी घेऊन दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणतो फोडलेली पिशवी परत घेत नाही. आता काय करायचं?

या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देता येत नाही. माझ्यासोबत हे तीन वर्षांखाली घडलेलं आहे आणि त्यातला एक भाग अजून चालूच आहे. म्हणून सविस्तर लिहितो. दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहिणार नाही. प्रकरण आयोगापुढं आहे, आणि नाव कळून तुमचा फायदाही नाही. असं दुकान प्रत्येक तालुक्यात आहे.

माझी जमीन सात एकर, हिंगोली जिल्ह्यात. एक एकर हळद, दोन एकर कापूस, चार एकर सोयाबीन, त्यात तुरीचे तास. एरवी दोन एकराचं सोयाबीन बियाणं मी घरचंच ठेवतो. पण त्याच्या आदल्या वर्षी काढणीच्या टायमाला पाऊस लागला, शेंगा भिजल्या, दाण्याला डाग पडले. ते बियाण्यालायक नव्हतं. म्हणून २८ मे ला चार पिशव्या विकत आणल्या, ३० किलोच्या. रोखीचा भाव ३,४५०, उधारीचा ३,६५०. मी उधारीवर घेतल्या. पिशवीमागं दोनशे रुपये जास्त हे कुठं लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना पाठ असतं.

बिल मी पक्कं मागतो. ही सवय आमच्या वडलांची. ते अंगठेबहाद्दर होते, पण कागदाशिवाय पायलीभर दाणे द्यायचे नाहीत. बिलावर पोरानं एकच लॉट नंबर लिहिला. मी पिशव्या उलट्यापालट्या करून टॅग बघितले, तर दोन पिशव्या एका लॉटच्या आणि दोन दुसऱ्या. पोराला म्हणलं, बाबा, दुसरा नंबर पण टाक. तो कुरकुरला, मागं गर्दी होती, पण त्यानं पेनानं दुसरा नंबर लिहून सही केली. त्या निळ्या पेनाच्या एका ओळीवर पुढं सगळं प्रकरण उभं राहिलं. बिलावरचा लॉट आणि पिशवीवरचा लॉट एक नसेल तर दुकानदार सरळ म्हणतो, हा माल माझ्याकडचा नाहीच.

३१ मे ला चारही पिशव्यांची शिवण वरच्या कोपऱ्यात चार बोटं उसवली, टॅगला हात लावला नाही. प्रत्येकीतले शंभर दाणे, वरून नाही तर आत हात घालून मधले घेतले. ७ जूनला मोजले. पहिल्या लॉटच्या दोन पिशव्या ८४ आणि ७९. दुसऱ्या लॉटच्या ४१ आणि ३८. टॅगवर छापलेलं, उगवणशक्ती किमान ७० टक्के.

चाळीसच्या आसपास उगवण म्हणजे काय, हे खात्यातल्या मित्रांना सांगायची गरज नाही. सत्तरच्या खाली थोडं आलं तर बियाणं वाढवून पेरता येतं. चाळीस आलं तर ते बियाणंच नाही, ती डाळीची तूर झाली समजा. किती पेरलं तरी फुटवा विरळ, आणि विरळ जागेत आधी तण उठतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दोन्ही गोणपाटं गुंडाळून तशीच सोबत नेली. मालक गल्ल्यावर होता. आमचं एकोणीस वर्षांचं खातं, त्याच्या वडलांपासूनचं. मला काका म्हणतो.

“काका, पिशवी फोडली ना तुमी?”

“न फोडता दाणे कसे काढायचे?”

“मंग काढायचे कामून? चाचणी कंपनीनं केलेली हाय. टॅगवर लिहिलंय की. फोडलेली पिशवी कंपनी माझ्याकडून घेत नाही, मी तुमच्याकडून कशी घेऊ?”

मी गोणपाट काउंटरवर उलगडलं. त्यानं बघितलं नाही. त्याची नजर माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडं. म्हणाला, ओल जास्त झाली असंल. मी म्हणलं, एकाच दिवशी, एकाच हातानं, एकाच बादलीच्या पाण्यानं चार गुंडाळ्या केल्या, दोन उगवल्या आणि दोन नाही, तर ओल दोघींनाच जास्त कशी झाली? त्यावर त्यानं पिशवीवरचा नंबर दाखवला. “कंपनीला फोन लावा.”

बघा गंमत. कृषी खातं दरवर्षी मे महिन्यात गावोगाव सांगतं, पेरणीआधी उगवणचाचणी करा. ते बरोबरच सांगतं. चाचणी करायला पिशवी उघडावी लागते. आणि उघडली की ती पिशवी तुमची, चांगली असो की सडकी. नाही उघडली तर शेतात कळणार, आणि तेव्हा म्हणणार, चाचणी कामून केली नाही? म्हणजे दोन्हीकडून शेतकरीच चुकीचा. हा नियम कायद्यात कुठंही नाही. हा कंपनीनं दुकानदाराला आणि दुकानदारानं आपल्याला सांगितलेला नियम आहे.

कंपनीच्या नंबरवर फोन लावला. आधी संगीत. मग आपला कॉल आमच्यासाठी फार मोलाचा आहे. मग संगीत. अकरा मिनिटांनी एक बाई हिंदीत बोलली, पिन कोड विचारला, पिकाचं नाव विचारलं, दुकानाचं नाव विचारलं आणि म्हणाली, आपले क्षेत्रीय प्रतिनिधी २४ तासांत संपर्क करतील. संपर्क चौथ्या दिवशी झाला, तोही मी केला. दुकानाच्या भिंतीवर प्रतिनिधीचा नंबर लिहिलेला होता, तो उतरवून आणला होता. साहेब पंचविशीतले, बोलायला गोड. मोटारसायकलवर आले, पिशवीचा पुढून फोटो काढला, मागून काढला, टॅगचा काढला. गोणपाटाचा काढला नाही. मी म्हणलं, साहेब, ह्याचा पण काढा. म्हणाले, रिपोर्ट वर पाठवतो. त्यानंतर त्यांना जेव्हा फोन लावावा तेव्हा ते मीटिंगमध्ये. एवढ्या मीटिंगा आमच्या कलेक्टरच्या पण होत नसतील.

इथं एक सांगतो, कारण कंपन्यांमधले काही मित्र हे पान वाचतात. त्या पोराचा मला राग नाही. त्याच्याकडं तीन तालुके, महिन्याचं टार्गेट, आणि तक्रार मिटवायचा अधिकार शून्य. माल विकायला पाठवताना त्याला सगळे अधिकार, आणि बिघडलेला माल बघायला पाठवताना फक्त मोबाईल. फवारणीच्या पंपाचं असंच आहे. बॅटरीचा पंप घेताना दुकानदार स्वतः पाणी भरून दाखवतो. सहा महिन्यांत बॅटरी बसली की वॉरंटीचं कार्ड घेऊन जिल्ह्याच्या सेंटरला जा, तिथला माणूस म्हणणार कार्डावर शिक्का नाही. ठिबकवाल्यांचं तर विचारू नका. अनुदानाच्या फोटोला सगळी फौज हजर, फिल्टर गळायला लागला की दोन महिने कुणी नाही. आणि आमच्या वसमत रोडला एक मोटार भरणारा आहे, टपरीएवढं दुकान, ना बोर्ड ना कार्ड. त्यानं भरलेली मोटार महिन्याच्या आत जळली तर स्वतःच्या गाडीवर येऊन काढून नेतो आणि फुकट भरून देतो. रात्री दहाला फोन उचलतो. आणि मोटार दाबामुळं जळली असंल तर तेही तोंडावर सांगतो, पैसे घेतो. त्याच्याशी कुणाचं भांडण मी ऐकलं नाही.

असो, मूळ गोष्टीवर येतो.

मी कृषी सहायकांना भेटलो. त्यांनी चांगला सल्ला दिला. म्हणाले, तुमची एकट्याची चाचणी कंपनी मानणार नाही, साक्षीदारांसमोर पुन्हा लावू. शाळेच्या ओसरीत १० जूनला दुसऱ्या लॉटच्या दोन्ही पिशव्यांचे शंभर-शंभर दाणे पुन्हा लावले. सहा माणसं हजर, सरपंच धरून. कागद केला, लॉट नंबर लिहिला, सगळ्यांच्या सह्या. १७ जूनला मोजले, ४० आणि ३६. त्या कागदाची आणि बिलाची झेरॉक्स लावून पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं अर्ज दिला, पोच घेतली. पोच महत्त्वाची. अर्ज देऊन पोच न घेणं म्हणजे विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट न बघणं. सोबत शंभर-शंभर ग्रॅमचे नमुने सील करून ठेवले. आपल्याला स्वतःला फी भरून बियाणं तपासून घ्यायचं असेल तर परभणी, नागपूर आणि पुण्याला सरकारी बीज परीक्षण प्रयोगशाळा आहेत. आम्हाला परभणी जवळ.

आता खरी अडचण. बियाणं काही माझ्या एकट्याला आलेलं नव्हतं. पारावर बसून विचारत गेलो, टॅग बघत गेलो. आमच्या गावात नऊ जणांकडं त्याच लॉटच्या २३ पिशव्या निघाल्या. प्रत्येकाला सांगितलं, पेरू नका, आधी गोणपाट लावा. तिघांनी लावलं, त्यांनाही तसंच दिसलं, ते थांबले. सहा जण म्हणाले बघू. आणि १८ जूनला रात्री पाऊस आला, दोन दिवस झोडपलं. शंभर मिलिमीटर झाला असं तलाठी म्हणाले. वाफसा आला की मग कुणी कुणाचं ऐकत नसतं. ज्यानं मिरगाची वाट बघत तीन महिने काढलेत त्याला थांब म्हणणं सोपं नाही. सहा जणांनी पेरलं. मी चांगल्या लॉटच्या दोन पिशव्या पेरल्या, आणि राहिलेल्या दोन एकरासाठी चुलतभावाकडून त्याचं घरचं बियाणं घेतलं, ७६ टक्के उगवलेलं. त्याला काढणीनंतर सव्वापट द्यायच्या बोलीवर.

आठव्या दिवशी त्या सहा जणांच्या रानात गेलो. तास शोधावं लागत होतं. हातभर अंतरावर एक रोप, मग दोन हात काहीच नाही. उकरून बघितलं तर दाणा फुगून कुजलेला. एकाच्या रानात अर्धं आमच्या चांगल्या लॉटचं होतं आणि अर्धं खराब लॉटचं. एकच ट्रॅक्टर, एकच पेरणी यंत्र, एकच दिवस, एकच खोली. धुऱ्यावर उभं राहिलं तर पट्टीनं रेघ मारल्यागत फरक दिसत होता. आंधळ्याला पण कळलं असतं.

मी म्हणलं, सगळे मिळून अर्ज देऊ. नऊ जणांच्या सह्या झाल्या तर तालुक्याची तक्रार निवारण समिती लगेच येईल. संध्याकाळी पारावर बसलो. चहा झाला. कागद फिरला. आणि सह्या आल्या तीन. माझी, आणि पेरलेल्या सहा जणांपैकी दोघांची.

आमच्यातले एक आण्णा आहेत, सत्तरीला टेकलेले, त्यांच्या चार पिशव्या गेल्या होत्या. त्यांनी कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला, आणि माझ्याकडं परत दिला. म्हणाले, “बाबा, बियाणं तर गेलंच. आता दुकानबी घालवू का?”

हे वाक्य मी अजून विसरलो नाही. बाहेरचा माणूस म्हणेल शेतकरी अडाणी आहे, त्याला हक्क माहीत नाहीत. आण्णाला हक्क माहीत होता. त्यांना हेही माहीत होतं की बँकेचं पीककर्ज थकलेलं आहे, सोसायटी नवं देत नाही, आणि दुबार पेरणीचं बियाणं, त्यावरचं तणनाशक, पुढं अळीचं औषध, हे सगळं त्याच दुकानातून उधार आणायचं आहे. दुकानदार म्हणजे नुसता विकणारा नसतो. तो आपली बँक असतो. आमच्या थोरल्या पोरीच्या बाळंतपणात रात्री अकराला शटर वर करून याच मालकानं पाच हजार मोजून दिले होते, कागद न करता. ते पण खरं आहे आणि फोडलेली पिशवी परत न घेणं हे पण खरं आहे. ज्याच्या देण्यात आपण बसलोय त्याच्याविरुद्ध सही करायची म्हणजे बसलेली फांदी तोडायची. म्हणून बियाण्याची, औषधाची तक्रार कागदावर फार कमी येते. कंपन्यांच्या मीटिंगमध्ये तक्रारी कमी म्हणून टाळ्या वाजत असतील तर त्यांनी एकदा पारावर येऊन बसावं.

सही केल्याचं फळ मला तिसऱ्याच दिवशी मिळालं. मालकाचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच. “काका, तेवढा हिशोब करून टाका.” माझ्याकडं मागचे ३८,००० होते. ते दिवाळीला सोयाबीन विकून द्यायचे, हा एकोणीस वर्षांचा शिरस्ता. त्यानं आठ दिवस दिले. भाव वाढेल म्हणून ठेवलेली सहा क्विंटल हळद होती, ती मोंढ्यावर नेली आणि सातव्या दिवशी पैसे गल्ल्यावर मोजले. त्याच वेळी म्हणलं, माझ्या दोन पिशव्यांचे ७,३०० वजा करा, पिशव्या आणि टॅग हे घ्या, नाहीतर मी पूर्ण रक्कम देऊन पावतीवर तसं लिहून घेतो. चार माणसं उभी होती. त्यानं वजा केले. खाली मात्र ‘किरकोळ ६४०’ अशी एक ओळ वाढवली. ते काय म्हणून विचारलं तर म्हणाला हमाली. चार पिशव्यांची हमाली मी माझ्या खांद्यानं केली होती. पण त्या दिवशी मी तेवढ्यावर सोडलं, मला घरी जाऊन खत टाकायचं होतं.

ज्या दोघांनी सही केली त्यांची गोष्ट लांबली. त्यांच्यापुढं पेच असा, की समिती पंचनामा करायला येईपर्यंत रान तसंच ठेवायचं तर दुबार पेरणीचा वाफसा जातो. जुलैचा पंधरवडा उलटला की सोयाबीन पेरण्यात अर्थ नसतो. आणि मोडून पेरलं तर समितीला दाखवायचं काय? कृषी अधिकाऱ्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं, प्रत्येक रानात पुरेसा पट्टा न मोडता ठेवा, बाकी पेरून घ्या, आणि तसं अर्जात लिहून द्या. तसं केलं. मधोमध आठ तास ठेवले, दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या, वेळ-तारखेसह फोटो काढले. ६ जुलैला समिती आली. त्यात विद्यापीठाचे शास्त्रज्ञ होते, कंपनीचे तेच गोड साहेब होते. शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या ठिकाणी तासाचं अंतर मोजून रोपं मोजली, उकरून खोली बघितली, कुजलेला दाणा बघितला, शेजारचा चांगला लॉट बघितला. अहवालात उगवण ३४ आणि ३९ टक्के आली, आणि पेरणीची खोली, ओल योग्य होती असं स्पष्ट लिहिलं. त्या माणसांनी काम चोख केलं. खात्याला शिव्या देणारे आपण, म्हणून हेही लिहितो.

दुकानात त्या लॉटचा नमुना घ्यायला निरीक्षक गेले तर लॉट संपलेला. एकही पिशवी शिल्लक नाही. खराब माल इतक्या पटकन कसा संपतो हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

कंपनीनं काय केलं? अहवालानंतर कंपनी विरघळली आणि दोघांना नुकसानभरपाई पाठवली. सोयाबीनच्या नव्या पिशव्या. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. रानात फुलोरा लागलेला आणि दारात पेरणीचं बियाणं. दोघांनी पिशव्या घेतल्या नाहीत. एका वकिलाकडून नोटीस गेली, तेव्हा पिशवीची किंमत खात्यावर आली. मोडणी, दुबार पेरणी, दुसरं बियाणं, उशिरामुळं घटलेला उतारा, याचा एक रुपया नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात प्रकरण दाखल केलं.

इथं थोडं कायद्याचं सांगतो, कारण मलाही आधी वाटायचं की ग्राहक म्हणजे मिक्सर-फ्रीज घेणारा, शेतकरी नाही. बियाणं कंपन्या पण वर्षानुवर्षं हेच भांडत होत्या, की शेतकरी धंद्यासाठी बियाणं घेतो म्हणून तो ग्राहक नाही, आणि बियाण्याचा कायदा वेगळा आहे म्हणून ग्राहक कायद्यात येता येणार नाही. जानेवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात हे दोन्ही मुद्दे फेटाळले. शेतकरी ग्राहक आहे, आणि १९६६ चा बियाणे कायदा असला तरी तो ग्राहक मंचाकडं जाऊ शकतो. बियाणं खराब निघेल असं गृहीत धरून प्रत्येक शेतकऱ्यानं तपासणीसाठी थोडं बाजूला काढून ठेवावं अशी अपेक्षा करता येत नाही, हेही त्या निकालात आहे. तरी मी म्हणतो, मूठभर ठेवाच, टॅग आणि रिकामी पिशवी ठेवाच. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी हैदराबादची असो की इंदूरची. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. बिल देणं आणि दुकानात साठा-भावाचा फलक लावणं ही दुकानदाराची मेहरबानी नाही, बियाण्याच्या १९८३ च्या आणि खताच्या १९८५ च्या आदेशातच ते आहे.

कायद्यात असंही लिहिलंय की प्रकरण तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा. आमच्या दोघांचं दोन वर्षांच्या पुढं गेलंय. एकदा कंपनीचा वकील आला नाही, एकदा आला तर वकीलपत्र नव्हतं, एकदा आयोगात सदस्य नव्हते. प्रत्येक तारखेला दीडशे रुपये बस, जेवण, आणि एक दिवसाचं काम बुडतं. माझ्या त्या दोस्तांपैकी एक परवा म्हणाला, जेवढं मागतोय तेवढं येण्या-जाण्यात जाणार. तरी जातो. का जातो ते त्याला विचारलं नाही.

दुकानदाराची बाजू न लिहिता थांबलो तर ते बरोबर होणार नाही. मागच्या वर्षी एका लग्नात तो भेटला. पंगतीत शेजारी बसला. म्हणाला, “काका, तुमाला वाटतं मी लुबाडतो. युरियाची गाडी पायजे तर कंपनी सोबत दुसरा माल गळ्यात मारती. तो नाही घेतला तर पुढची गाडी दुसऱ्याला.” हे खोटं नाही. २६६ रुपये ५० पैशांच्या युरियाच्या गोणीसोबत आपल्याला जे झिंक आणि गंधकाचे पुडे घ्यायला लावतात, त्याची साखळी वरून येते. त्याच्या गोदामात न विकलेली औषधं पडून असतात आणि मुदत संपली की कंपनी परत घेताना नाकं मुरडते. म्हणजे फोडलेल्या पिशवीचा नियम त्याच्यावर पण चालतो. मी म्हणलं, मग तुम्ही आमच्या अर्जावर सही करायची होती, दुकानदार म्हणून. तो हसला आणि जिलेबी वाढणाऱ्याला हाक मारली. त्यालाही त्याचं दुकान घालवायचं नाही.

आता ज्या तिघांनी फोन केला त्यांच्यासाठी. पिशवी फोडली असली तरी घाबरू नका. शिवण, टॅग शाबूत ठेवा. कृषी सहायकांना बोलावून साक्षीदारांसमोर दुसरी चाचणी लावा आणि त्याचा कागद करा. तोंडी तक्रार करू नका, पंचायत समितीला अर्ज आणि पोच. पेरणी थांबवू नका, पण ते बियाणंही पेरू नका. आणि गावात त्या लॉटचं आणखी कुणाकडं आहे ते आजच्या आज बघा, पाऊस यायच्या आधी.

कंपनीतल्या मित्रांना एक मागणं आहे. प्रत्येक पिशवीच्या बाहेर, टॅगला जोडून, त्याच लॉटच्या दीडशे दाण्यांची छोटी पुडी लावा. शेतकरी ती पुडी गोणपाटात लावेल आणि मोठी पिशवी न फोडता परत आणेल. खर्च पिशवीमागं किती येईल ते तुम्हीच काढा. हे मी त्या गोड साहेबांनाही सांगितलं होतं. त्यांनी डायरीत लिहून घेतलं. त्यांची आता अकोल्याकडं बदली झाल्याचं ऐकलं.

सध्या मी आणि आमच्या गावातले पाच जण मिळून मे मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणाहून रोखीनं खत-बियाणं आणतो, एकाच टेम्पोत. त्यासाठी उन्हाळ्यात प्रत्येक जण महिन्याला थोडं बाजूला टाकतो. आण्णा आमच्यात नाहीत, त्यांचं खातं अजून त्याच दुकानात आहे आणि मी त्यांना त्यावरून कधी बोललो नाही. घरचं बियाणं पुन्हा सुरू केलंय. ४ तारखेला लावलेल्या चाचणीत यंदाचं ८१ आलं, वीस किलो जास्तीचं आहे, जवळपासच्या कुणाला हवं असेल तर कळवा, उगवणचाचणी तुमच्यासमोर लावून देईन. आयोगातली पुढची तारीख पेरणीच्या ऐन गर्दीत, २३ जूनला आहे. ते दोघं रानात असणार, म्हणून त्यांची कागदं घेऊन त्यांच्या वतीनं हजर राहता येतं का, हे उद्या वकिलाला विचारायला जायचं आहे.